चोवीस तास कॅमेऱ्याखाली राहायला जाण्यापूर्वी: दारव्हा तालुक्यातील एका शिक्षकांना उत्तर

दारव्हा तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे. त्यांची चोवीस वर्षांची धाकटी बहीण वऱ्हाडी बोलीत छोटे व्हिडिओ करते. अनोळखी माणसांना एका घरात ठेवून त्यांचे जगणे चोवीस तास इंटरनेटवरून थेट दाखवणाऱ्या एका स्पर्धेच्या अंतिम निवडीसाठी तिला मुंबईचे बोलावणे आले आहे. टिकली तर ती सहा आठवडे आत राहील. हे सगळे आधीच लिहिलेले असते असे वडिलांचे म्हणणे आहे, चार पैसे मिळत असतील तर जाऊ द्या असे गावाचे म्हणणे आहे, आणि आईला लोक काय म्हणतील याची धास्ती आहे. तिथे दिसते ते खरे असते का, तिला पाठवावे का आणि सही करण्यापूर्वी काय पाहावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी मूळचा आर्वी तालुक्यातला. अशा कार्यक्रमांच्या नियंत्रण कक्षात आधी ध्वनिविभागात आणि पुढे संकलनाच्या, म्हणजे एडिटिंगच्या, टेबलावर मी अनेक वर्षे काम केले आणि आता गावीच राहून संकलनाची कामे करतो. पुढचे सगळे त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

गुरुजी, मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. पाठवायचे की नाही हे ठरवणे तुमच्याकडे नाही. ती सज्ञान आहे, सही तिची असणार आहे आणि आत राहायचे आहे तेही तिलाच. घराने दोन गोष्टी करायच्या आहेत. निर्णयाआधी तिला सगळी माहिती मिळेल हे पाहायचे, आणि ती गेलीच तर बाहेर तिच्या बाजूने उभे राहायचे. कार्यक्रमात जाण्यावरूनच ज्या स्पर्धकांच्या घरी भांडण होऊन गेलेले असते, ते आत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या भांडणाविषयी बोलू लागतात, आणि मग घरातली गोष्ट सगळ्या महाराष्ट्राची होते.

आता दिसते ते खरे असते का याविषयी. वडिलांचा समज अर्धा बरोबर आहे. मी जिथे काम केले तिथे स्पर्धकाच्या हातात संवादाचा कागद दिलेला मी कधी पाहिला नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. अनोळखी माणसे एकत्र कोंडली, त्यांची झोप मोडली, शिधा मोजून दिला आणि दर आठवड्याला बाहेर काढण्यासाठी एकमेकांची नावे घ्यायला लावली, की भांडण कोणी लिहून द्यावे लागत नाही. लेखन होते ते नंतर संकलनाच्या टेबलावर, आणि ते निवडीतून होते.

ही पद्धत जन्मापासून अशीच आहे. नेदरलँड्समध्ये १६ सप्टेंबर १९९९ रोजी जॉन द मोल यांच्या एंडेमॉल कंपनीचा 'बिग ब्रदर' सुरू झाला, तेव्हा पहिल्याच पर्वात घरातले चित्र इंटरनेटवरही दिवसरात्र दिसत होते. आपल्याकडे त्याचीच आवृत्ती असलेले हिंदी 'बिग बॉस' ३ नोव्हेंबर २००६ पासून आणि मराठी १५ एप्रिल २०१८ पासून दिसू लागले. २०२१ मध्ये 'बिग बॉस ओटीटी'ने वूट या ॲपवर चोवीस तासांचे प्रक्षेपण दिले. मराठीच्या दुसऱ्या पर्वात, २०१९ मध्ये, अमरावतीचा शिव ठाकरे विजेता झाला आणि पाचव्या पर्वात, २०२४ मध्ये, बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला. खेड्यातल्या मुलामुलींना हे दार आपल्यासाठीही उघडे आहे असे वाटू लागले, आणि ते वाटणे खोटे नाही.

आतली व्यवस्था समजून घेतली की पुढचे सगळे सोपे होते. ते घर म्हणजे स्टुडिओत उभा केलेला सेट असतो. भिंतींवरचे बरेचसे आरसे एका बाजूने काच असतात. त्यांच्यामागे अंधारी बोळ असते आणि काळे कपडे घातलेले कॅमेरामन तिथे आवाज न करता फिरत असतात. छतावर आणि कोपऱ्यांत नियंत्रण कक्षातून फिरवता येणारे कॅमेरे असतात आणि दिवे मालवल्यावर अंधारात पाहणारे कॅमेरे चालू होतात. प्रत्येकाच्या गळ्याजवळ माइक आणि कमरेला बॅटरीची डबी असते. कुजबुज करून काही लपत नाही, उलट कुजबुज सुरू झाली की नियंत्रण कक्षात सगळे कान टवकारतात. घड्याळ, फोन, वर्तमानपत्र यांतले काही आत नसते. सकाळ झाली हे गाणे वाजल्यावर कळते.

कक्षात पडद्यांची भिंत असते आणि तिच्यासमोर पाळीपाळीने माणसे बसतात. त्यांतला एक गट फक्त नोंदी करतो: किती वाजता, कोणत्या खोलीत, कोण कोणाला काय म्हणाले. आत चौदा माणसे असतील तर एका दिवसात चौदा माइकांचा मिळून ३३६ तासांचा आवाज साठतो. टीव्हीवर दाखवायच्या एका तासातून जाहिराती वजा केल्या की पाऊण तास उरतो. कोणताही संकलक ३३६ तास ऐकत नाही, ऐकू शकतही नाही. तो नोंदी वाचतो आणि त्यांतून धागे उचलतो. म्हणून नोंद करणाऱ्या मुलाला जे कळले तेच पुढे जाते.

इथे आपल्या बाजूच्या माणसाला एक खास अडचण येते आणि ती कोणी आधी सांगत नाही. आपण मोठ्याने बोलतो. एका वावरातून दुसऱ्या वावरात हाक द्यायची सवय असलेल्या माणसाचा साधा प्रश्नही मुंबईच्या कानाला अंगावर आल्यासारखा वाटतो. 'तुले सांगतलं होतं ना, भाजीत मीठ नोको टाकजो' एवढे वाक्य एक बाई हसत म्हणाली होती. वऱ्हाडी कधी कानावर न पडलेल्या मुलाने त्याची नोंद 'स्वयंपाकघरात वाद, आवाज चढला' अशी केली होती. ती नोंद मी दुरुस्त करून घेतली, पण रात्रपाळीला आपल्याकडचा माणूस नसता तर दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या नावावर एक भांडण जमा झाले असते. अशा तीन-चार नोंदी साठल्या की माणसाचा साचा ठरतो. ही तोंडाळ, तो भोळा, ती गावरान. एकदा साचा ठरला की त्यात न बसणारे क्षण आपोआप मागे पडतात, कारण पाऊण तासात माणसाची दुसरी बाजू दाखवायला जागा नसते.

तिने बोली बदलू नये. बदललेली बोली तीन दिवसही टिकत नाही, आणि तिची निवड त्या बोलीमुळेच झाली आहे. मात्र निवडीच्या बैठकीत तिने एवढे जरूर विचारावे की नोंदी करणाऱ्यांत आणि संकलनात वऱ्हाडी समजणारे कोणी आहे का. प्रश्न सरळ आहे आणि निर्मात्यांच्याही सोयीचा आहे, त्याचे कोणाला वाईट वाटत नाही.

संकलनात काय केले जाते याचा एक नमुना सांगतो. एक स्पर्धक दुपारी लसूण सोलत बसलेली असताना तिने जांभई दिली. पुढे पाऊण तासाने दुसऱ्या खोलीत एक मुलगी घरच्या आठवणीने रडली. रात्रीच्या भागात आधी रडणे आणि लगेच ती जांभई असे लागले. दोन्ही चित्रे खरी होती, एकही शब्द बदललेला नव्हता, पण त्या बाईला आठवडाभर दगडाच्या काळजाची म्हणून शिव्या बसल्या. हे काम मी केले नाही, पण ते कसे केले जाते हे मला नीट ठाऊक आहे, आणि माझ्या मते या व्यवसायातली सर्वांत वाईट सवय हीच आहे. वाक्य मध्येच तोडणे, सोमवारचे हसणे बुधवारच्या अपमानाखाली लावणे, साध्या पाहण्यावर संशयाचे संगीत चढवणे हे सारे त्याच जातीचे.

थेट प्रक्षेपण असले की यावर काहीसा आळा बसतो, आणि म्हणूनच तुमच्या बहिणीला आलेले बोलावणे नुसत्या टीव्हीच्या कार्यक्रमापेक्षा थोडे बरे आहे असे माझे मत आहे. जांभई कोणत्या वेळची ते पाहणाऱ्या हजारोंनी पाहिलेले असते. संकलकाला खोटा जोड लावताना विचार करावा लागतो, कारण तासाभरात कोणीतरी दोन्ही वेळा शेजारी ठेवून दाखवतो. स्पर्धकाच्या बाजूने साक्ष देणारी याहून चांगली गोष्ट या सबंध व्यवहारात दुसरी नाही.

पण या साक्षीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. पहिली म्हणजे थेट म्हणवले जाणारे चित्रही काही वेळाने मागे असते. बाहेरच्या माणसाचे नाव, बदनामी करणारे वाक्य, हक्क न घेतलेले गाणे किंवा कोणाच्या आजाराचा उल्लेख आला की तेवढा आवाज बंद करता यावा, किंवा चित्र बागेकडे वळवता यावे, म्हणून तेवढी वेळ हाताशी ठेवलेली असते. ब्रिटनमध्ये अशा वेळी पक्ष्यांचा किलबिलाट लावला जात असे. दुसरी मर्यादा अशी की घरात खोल्या अनेक असतात आणि पाहणाऱ्याला त्या क्षणी एक किंवा दोनच दिसतात. कोणती दाखवायची हे दिग्दर्शक ठरवतो, तेव्हा थेट प्रक्षेपणातही निवड आहेच.

तिसरी मर्यादा आपल्या गावातली आहे. मोबाइलवरचे साध्या दर्जाचे चित्रसुद्धा तासाला अर्धा ते एक जीबी डेटा खाते, आणि दिवसाला दीड-दोन जीबीचे रिचार्ज करणाऱ्या घरात चोवीस तासांचे प्रक्षेपण कोण पाहणार? गावात पोहोचते ती तीस सेकंदांची फीत, व्हॉट्सॲपच्या गटातून, तीही कोणीतरी मथळा लावून दिलेली. म्हणजे बहिणीच्या बाजूची साक्ष कागदोपत्री असते, पण तिच्या आईपर्यंत आणि चौकातल्या माणसांपर्यंत ती जात नाही. म्हणून मी स्पर्धकांच्या घरच्यांना सांगतो की पाहण्याच्या पाळ्या लावा. चुलत-मावस भावंडांत चार विश्वासाची माणसे निवडा, प्रत्येकाने दिवसातले ठरावीक दोन तास पाहावेत आणि वहीत वेळ, खोली, कोण कोणाशी काय बोलले एवढे लिहावे. चित्र स्वतःकडे साठवून पुन्हा टाकू नका, त्यात हक्काचा प्रश्न येतो. वही पुरेशी आहे. एखादी फीत पसरली की त्या प्रसंगाच्या आधी काय झाले होते हे तुम्हाला आईला त्याच संध्याकाळी सांगता येईल, आणि माझ्या पाहण्यात सहा आठवडे धड काढायला आईला याचाच सर्वांत मोठा आधार होतो.

आत तिला सर्वांत जड काय जाईल, याविषयी माझे मत लोकांपेक्षा वेगळे आहे. लोक कॅमेऱ्याची भीती घालतात. कॅमेरा माणूस चार-सहा दिवसांत विसरतो, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. पण खेड्यातून आलेल्यांना जड जाते ते रिकामेपण. पहाटे उठून झाडलोट, पाणी, चूल, मग वावरात निंदण नाहीतर कापूस वेचणी, असा ज्यांचा दिवस हातांवर चालतो, त्यांना चार भिंतींत करायला काहीच नसते. टास्क, म्हणजे निर्मात्यांनी दिलेला खेळ, तास-दोन तासांचा असतो. बाकीचा वेळ बोलण्यात जातो, आणि रिकाम्या हातांचे बोलणे फिरून फिरून आत असलेल्या माणसांवरच येते. मी पाहिलेल्यांत शांत राहिलेले बहुतेक जण स्वयंपाकघराचे किंवा झाडलोटीचे एखादे काम स्वतःहून पत्करून रोज ठरल्या वेळी करणारे होते. तिने जाण्यापूर्वीच आपले काम ठरवून ठेवावे. वेळ कळत नसली तरी कामाचा क्रम असला की दिवसाला आकार येतो.

दुसरी गोष्ट बातमीची, आणि ती तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. आत गेलेल्या माणसाला बाहेरचे काही कळत नाही. २००१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला तेव्हा अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर'च्या घरात तीन स्पर्धक उरले होते. त्यांतल्या एकीची चुलत बहीण वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये होती आणि बेपत्ता झाली होती, म्हणून त्यांना सांगणे भाग पडले. जर्मनीतल्या घरातील माणसे २०२० च्या फेब्रुवारीत आत गेली होती, आणि जग कोरोनाने थांबले आहे हे त्यांना १७ मार्च रोजी थेट कार्यक्रमात सांगण्यात आले. ब्रिटनच्या 'बिग ब्रदर'मधून नावारूपाला आलेल्या जेड गुडी यांना तर आपल्याच हिंदी 'बिग बॉस'च्या दुसऱ्या पर्वात, २००८ मध्ये, घरात असतानाच आपल्याला कर्करोग झाल्याचे कळले आणि त्या तातडीने मायदेशी परतल्या. २२ मार्च २००९ रोजी त्यांचे निधन झाले.

तुमच्या घरी हे प्रसंग वेगळ्या रूपात येतील. वडिलांना दवाखान्यात न्यावे लागले, आजी गेली, गारपिटीने उभे पीक झोपले, तर तिला सांगायचे की नाही? हे ती जाण्यापूर्वी एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून ठरवा, आणि निर्णय तिचा असू द्या. कोणत्या बातम्या ताबडतोब हव्यात, कोणत्या बाहेर आल्यावर चालतील, आणि निर्मात्यांकडे फोन करायचा तो घरातल्या कोणत्या एकाच माणसाने, हे कागदावर लिहून त्याची प्रत निर्मात्यांना द्या. बातमी तिला कॅमेऱ्यासमोर द्यायची की प्रक्षेपण बंद करून द्यायची, हेही त्यात असावे. हे मागायला संकोच वाटतो, पण मृत्यूची बातमी ऐकतानाचा आपला चेहरा लोकांनी पाहावा की नाही, हे ठरवण्याचा हक्क माणसाकडे राहिला पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आता सही. करार बहुधा इंग्रजीत आणि बऱ्याच पानांचा असेल, आणि तो वाचायला वेळ कमी दिला जाईल. तो न समजता सही करू नये. महिलेला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत विधी सल्ला मिळण्याची तरतूद विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे, आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. समोर वकील असला की पुढच्या गोष्टींवर बोट ठेवून विचारा.

संकलनाचा पूर्ण अधिकार निर्मात्यांना आणि तिच्या बोलण्या-वागण्याचे चित्रण जगभर, कायमसाठी वापरण्याची मुभा, ही कलमे जवळजवळ नक्कीच असतील आणि ती सहसा बदलली जात नाहीत. त्यांवर शक्ती घालवू नका. भांडायचे ते तीन-चार जागी. स्वतःहून बाहेर पडल्यास किती दंड, हे आकड्यात पाहा. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच देते, तरीही मोठा आकडा पाहून आजारपणातही माणूस आत अडकून राहतो. म्हणून वैद्यकीय कारणाने, मनाच्या कारणानेही, बाहेर पडल्यास दंड नाही असे वाक्य मागून घ्या. कार्यक्रम संपल्यानंतर किती काळ ती स्वतःचे व्हिडिओ करू शकणार नाही, आणि तिच्या पुढच्या कमाईतला वाटा कोणाला जाणार, हेही तपासा. करार संपल्यानंतर माणसाच्या व्यवसायाला आडकाठी करणाऱ्या अटी कलम २७ खाली टिकत नाहीत. मुदत चालू असतानाच्या बंधनाचे तसे नाही, त्यामुळे मुदत किती हाच खरा प्रश्न आहे. वाद झाल्यास लवाद मुंबईत, असे लिहिलेले असेल. दारव्ह्याहून प्रत्येक तारखेला मुंबई गाठणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

कपडे बदलण्याच्या आणि न्हाणीघराच्या जागी कॅमेरा व माइक नेमके कुठे आहेत, आणि न दाखवलेले चित्रण कोण पाहू शकते व कुठे साठवले जाते, हे लेखी विचारावे. आत कोणी अंगचटीला आले, धमकावले किंवा जातीवरून बोलले, तर तक्रार कोणाकडे आणि ती प्रक्षेपणाबाहेर ऐकली जाईल का, हेही. २००७ मध्ये ब्रिटनच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टी यांना मिळालेल्या वागणुकीवरून तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेकडे ४० हजारांहून अधिक तक्रारी गेल्या आणि संस्थेने वाहिनीलाच दोषी धरले. पुढे २०२१ पासून कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांच्या हिताची काळजी घेणे हे तिथल्या वाहिन्यांचे नियमाने कर्तव्य झाले. आपण मात्र करारात लिहून घेतले तेवढ्यावरच विसंबावे.

पैशाविषयी थोडक्यात. मानधन आठवड्यावर असते. पहिल्याच आठवड्यात बाहेर पडल्यास किती आणि कोणत्या तारखेला मिळणार, ते विचारा. बक्षिसावर ३० टक्के दराने कर आणि वर ४ टक्के उपकर लागतो, तिचे एरवीचे उत्पन्न करमर्यादेखाली असले तरी त्यातून सूट नाही. २५ लाखांच्या बक्षिसातून असे ७ लाख ८० हजार रुपये जातात. सहा आठवड्यांचे कपडे कोणी आणायचे हे आधी कळले पाहिजे, कारण त्यापायी घरे कर्जात गेलेली मी पाहिली आहेत. दागिना मोडू नका, सावकाराकडे जाऊ नका आणि तूर भाव पडलेला असताना घाईने विकू नका. मते मिळवून देतो, चाहते जमवून देतो असे सांगणारे लोक फोन करतील, त्यांना एक रुपयाही देऊ नका. आणि निवड पक्की करण्यासाठी शुल्क, अनामत किंवा पोर्टफोलिओचे पैसे कोणी मागितले, तर ती सरळ फसवणूक समजून सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवा. यवतमाळ, वाशिम, बुलढाण्याच्या मुलामुलींना हेरून असे जाळे टाकणारे लोक आहेत.

ती आत असताना तिची खाती कोणी सांभाळायची, हे ठरवा. ते एकाच शांत माणसाने करावे. शिव्या देणाऱ्यांना उत्तरे देऊ नयेत, पण धमकी आणि बनवलेली अश्लील छायाचित्रे दिसली की पडद्याचे चित्र (स्क्रीनशॉट), दुवा आणि वेळ जपून ठेवावी आणि त्याच दिवशी दोन ठिकाणी जावे: त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न किंवा बनावट छायाचित्रांबाबतच्या तक्रारीवर कारवाईसाठी २४ तासांची मुदत घातली आणि २०२६ मध्ये ती आणखी कमी झाली, तेव्हा तक्रारीत त्या नियमांचा उल्लेख करावा. शाळेत तुमच्या कानावर काही येईल, विद्यार्थीही विचारतील. त्यांना 'ती माझी बहीण आहे आणि ती स्वतःच्या मर्जीने गेली आहे' एवढे सांगितले तरी पुरते.

बाहेर आल्यावरचे दिवस लोक विचारात घेत नाहीत. बसस्थानकाजवळ फ्लेक्स लागतो, सत्कार होतात, आमदार येऊन जातात, आणि मग एका आठवड्यात सगळे थांबते. त्या शांततेत झोप उडते, कोणीतरी पाहते आहे असे वाटत राहते, दोन माणसे हळू बोलली की आपल्याविषयीच बोलतात असा संशय येतो. हे मी भल्या-भल्या घट्ट माणसांत पाहिले आहे आणि त्यात वेडेपणा काही नाही. सत्कार महिनाभर पुढे ढकला, तिला आधी घरी येऊ द्या, तिच्याविषयी काय काय पसरले ते पहिल्याच रात्री दाखवू नका. दोन-तीन आठवड्यांनीही झोप लागत नसेल तर यवतमाळला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. तोवर १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, आणि मराठीतून बोलता येते. स्थळे येतील की जातील ही आईची काळजी मला कळते. ज्या घराला सहा आठवड्यांच्या चित्रणावरून मुलगी पारखायची आहे, त्या घराचे ऐकून तिने आत्ताच मागे फिरावे असे मला वाटत नाही.

शेवटी तारखेपुरते एक. अंतिम निवडीच्या दिवशी, किंवा त्याच्याही आधी, मोबाइलवर एक दुवा पाठवून 'फक्त संमती द्या, करार नंतर येईल' असे सांगितले जाण्याची शक्यता असते. ओटीपी देऊन केलेली संमती ही सहीच असते. पूर्ण मसुदा हातात पडेपर्यंत तिने तो ओटीपी कोणालाही देऊ नये, आणि मसुदा वकिलाला दाखवण्यासाठी किमान तीन दिवस लेखी मागून घ्यावेत.